कागद कुठे ठेवायचा : अंबाजोगाईतल्या टायपिंगच्या टेबलावरच्या नोंदी

१९ मे २०२४

कोर्टाला उन्हाळी सुटी आहे. दुकानासमोर चहावाला सोडला तर कोणी नाही. एरवी या दिवसांत मी मागचं उरकून घेते, पण यंदा एका वकीलसाहेबांनी वाटणीच्या दाव्याचे जुने कागद दिलेत. हाताने लिहिलेले जबाब, फेरफाराच्या नकला, १९५४-५५ च्या खासरा पत्रकांच्या (जमिनीच्या जुन्या नोंदींच्या) झेरॉक्स, सगळं मिळून सहाशेच्या वर पानं. कोर्ट उघडायच्या आत टाईप करून द्यायचीत. तीन दिवसांत चाळीस पानं झाली आणि आज सकाळी मान डावीकडे वळेना. रिक्षातून उतरताना मागचं वाहन पाहायला अख्खं अंग फिरवावं लागलं.

फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेले. त्यांनी शेक आणि व्यायाम सांगितले आणि एकच प्रश्न विचारला, "टाईप करताना कागद कुठे असतो?" कागद टेबलावर, कीबोर्डच्या उजव्या हाताला, आडवा. सव्वीस वर्षं तिथेच. आम्ही जुन्या टाईपरायटरवर शिकलो तेव्हा कॅरेज ढकलायचा दांडा डाव्या हाताला असायचा, म्हणून उताऱ्याचं पुस्तक उजवीकडे. मशीन जाऊन कॉम्प्युटर आला तरी कागदाची जागा तीच राहिली. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. ते खाली झुकवून वर उजवीकडे पिळून मी रोज सात तास धरून ठेवते, असं त्या म्हणाल्या.

ही वही त्यासाठी. आपल्याकडे कोर्टाजवळ, तहसीलजवळ, रजिस्ट्री ऑफिसजवळ कागद बघून टाईप करणारे खूप आहेत आणि बहुतेकांचा कागद माझ्यासारखाच टेबलावर पडलेला असतो.

२२ मे

पहिली खरेदी वाया गेली. मॉनिटरच्या कडेला चिकटवायची प्लास्टिकची पट्टी आणि तिला चिमटा, ऑनलाईन २६० रुपये. एक-दोन सुटे कागद धरते, त्यापुढे नाही. जबाबांची सहा पानं टाचणीसकट अडकवली तर पट्टी वाकली आणि तासाभरात मॉनिटरची कड सोडून खाली आली. मॉनिटरची कड जेमतेम बोटभर, चिकटायला जागाच नाही. शिवाय कूलरच्या वाऱ्याने कागद सारखा फडफडत होता. हलणारं अक्षर वाचताना डोळ्यांना किती त्रास होतो ते आज कळलं.

दुसऱ्यांनी घेऊ नये. ज्यांना दिवसातून एखादं बिल किंवा चिठ्ठी बघून टाकायची असते त्यांना चालेल.

२५ मे

दुसरी खरेदी, उभं प्लास्टिकचं स्टँड, ४२० रुपये. मॉनिटरच्या डाव्या बाजूला, अगदी चिकटून, पडद्याच्याच उंचीला आणि पडद्याइतक्याच अंतरावर ठेवलं. पद्धत चांगली आहे. पडद्यावरून कागदावर जाताना नजर तेवढीच सरकते, मान खाली जात नाही, डोळ्यांना अंतर बदलावं लागत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, प्रश्न सुटला.

आज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान परत धरली, फक्त आता दुसऱ्या बाजूने. खालचं दुखणं गेलं, वळण्याचं राहिलं.

दुसरी अडचण कागदाची. स्टँड ए-फोरसाठी केलेलं. आमच्याकडे निम्मे कागद लीगल, म्हणजे चौदा इंच लांब. वरचे दोन-अडीच इंच मागे कलंडतात आणि शीर्षक, दावा क्रमांक, नेमकं तेच दिसत नाही.

२७ मे

आज टाईप करणं थांबवून मोजणी केली. पुतणीला मोबाईलमधलं घड्याळ लावून समोर बसवलं आणि सांगितलं, मी पडद्याकडे बघेन तेवढाच वेळ मोज. दहा मिनिटांत मी पडद्याकडे दीड मिनिटसुद्धा बघितलं नाही. बाकी सगळा वेळ नजर कागदावर. बोटं आपोआप चालतात. पडद्यावर मी फक्त ओळ संपली का, जोडाक्षर नीट पडलं का, एवढंच बघते.

म्हणजे मी जे काम करते त्यात कागद मुख्य आहे आणि पडदा दुय्यम. आणि मी दुय्यम वस्तू नाकासमोर ठेवून मुख्य वस्तू बाजूला ठेवली होती. आधी उजवीकडे खाली, मग डावीकडे वर. कितीही चांगलं स्टँड घेतलं असतं तरी मान वळलेलीच राहिली असती.

जो माणूस पडद्यावर काम करतो आणि मधून मधून कागद बघतो, त्याच्यासाठी मॉनिटरला खेटून ठेवलेलं स्टँड बरोबर. नक्कल टाईप करणाऱ्यासाठी कागद कीबोर्ड आणि मॉनिटरच्या मधे, छातीच्या सरळ रेषेत हवा. खाली बोटं, त्यावर कागद, त्यावर पडदा.

लगेच झेरॉक्स कागदाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून उतरतं डेस्क केलं. लांबी बारा इंच, मागची बाजू सात इंच उंच, पुढची टेबलाला टेकलेली. त्यावर ए-फोर पान ठेवून दोन तास काम केलं. पडद्याची सगळ्यात खालची पट्टी तेवढी झाकली गेली, बाकी काही अडचण नाही. मान सरळ! उठले तेव्हा खांद्यात नेहमीची कळ नव्हती.

३० मे

सुतारमामांकडे गेले. त्यांना पुठ्ठा दाखवला आणि सांगितलं, याच उताराचं, पण लीगल कागद मावेल असं करा. आणि पुढून दीड इंच उचललेलं ठेवा, म्हणजे कीबोर्ड आत सरकवून वर हाताने लिहिता येईल. सह्या घ्यायला बरं. त्यांनी पुठ्ठ्याकडे आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "ताई, लईच उभं करायलाव त्याला. टीव्ही झाकंल तुमचा." मी म्हटलं, करून बघितलंय मामा, नाही झाकत.

नऊ मिलिमीटर प्लायचा तुकडा १८०, मजुरी ३००.

२ जून

मामा म्हणाले तेच खरं झालं. अर्धा पडदा झाकला गेला.

चूक माझी, ती सविस्तर लिहिते. मी पुठ्ठ्यावर करून बघितलं ते बारा इंचांवर आणि पुढची बाजू टेबलाला टेकवून. करायला सांगितलं साडेचौदा इंचांचं आणि पुढून दीड इंच उचललेलं. उतार तोच ठेवला की लांबीबरोबर मागची उंची वाढते. ती झाली जवळजवळ दहा इंच. माझा मॉनिटर साडेअठरा इंची. त्याचा पडदा टेबलापासून पावणेपाच इंचांवर सुरू होतो आणि नऊ इंच उंच आहे. हे आकडे कागदावर मांडायला पाच मिनिटं लागली असती. ४८० रुपये आणि चार दिवस गेले.

पडदा वर उचलून बघितला. मॉनिटरखाली कागदाचं एक रीम ठेवलं, साधारण दोन इंच. मग दुसरं. दोन रीमवर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या वर गेली आणि माझी हनुवटी वर उचलली गेली. माझा चष्मा दोन भिंगांचा आहे. जवळचं दिसायचं भिंग खाली, त्यामुळे पडदा वर गेला की मान मागे टाकूनच वाचावं लागतं. खाली झुकलेली मान सोडवायला निघाले आणि मागे टाकलेली मान पदरात पडत होती. एक रीम परत काढलं. एका रीमवर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली येते, तेवढीच हवी.

म्हणजे स्टँडच बुटकं करायला हवं.

५ जून

दुसरं स्टँड आलं. पुढची उंची दीड इंच, मागची साडेसात, फळी अठरा बाय साडेचौदा. उतार कमी झालाय, कागद पूर्वीपेक्षा पडलेला दिसतो, पण एका रीमवर मॉनिटर ठेवून पडदा पूर्ण दिसतो. प्लाय १५०, मजुरी २५०.

आणखी एक अडचण होती ती मामांनीच सोडवली. टेबल दोन फूट खोल. पुढे मनगटाला दोन इंच, कीबोर्ड सहा इंच, स्टँड तेरा इंचांच्या आसपास, आणि मॉनिटरचा पाय आठ इंच. बेरीज टेबलाबाहेर जाते. मी टेबल भिंतीपासून ओढून मागे फळी जोडायच्या विचारात होते. मामांनी मागची पाटीच लावली नाही. "मागून उघडं ठिवलंय. टीव्हीचा पाय आत घाला की." मॉनिटरचा पाय उताराच्या पोटात गेला आणि पाच इंच वाचले. माऊसची वायर, शिक्क्याचं पॅड, स्टेपलर, सगळं आता खाली राहतं.

कागद घसरू नये म्हणून पुढच्या कडेला पट्टी ठोकली. आधी पाऊण इंच ठोकली होती, तर पानाची शेवटची ओळ तिच्या आड जाऊ लागली. रंधून पाव इंचावर आणली.

७ जून

आज नुकसान झालं आणि ते नुसतं पैशांचं नव्हतं.

वाटणीपत्रात चतुःसीमा टाईप करताना एक ओळ सुटली. मूळ कागदात दोन ओळी "पूर्वेस गट क्रमांक" अशाच सुरू होतात. पडद्याकडे बघून परत कागदावर येताना नजर दुसऱ्या ओळीवर पडली आणि मधला गट गेला. शंभराच्या बाँडवर छापून झालं, पक्षकार वाचून घेत होते, त्यातल्या म्हाताऱ्या बाबांनी पकडलं. त्यांना लिहिता येत नाही, पण आपल्या बांधाला कोण लागून आहे हे त्यांना पाठ होतं. वाचताना एक शेजारी आलाच नाही म्हणून त्यांनी हात वर केला. त्यांनी पकडलं नसतं तर ती चूक रजिस्ट्रीत गेली असती आणि दोन घरं वर्षानुवर्षं त्यापायी फिरली असती. बाँड मी माझ्या पैशाने परत आणला.

पूर्वी कागद टेबलावर असताना मी बोट ओळीवर ठेवायचे. आता कागद उतारावर, बोट तिथे धरून ठेवता येत नाही. ओळ दाखवणारी पट्टी हवीच. स्टँडचं कौतुक करण्याआधी हे व्हायला हवं होतं.

१० जून

पट्टी आणि कागद दोन्ही धरायला चुंबक हा उपाय सुचला. चिमट्यांनी पानं उलटताना फार वेळ जातो. प्लायवर पत्रा चिकटवायचा, वर चुंबक.

फॅब्रिकेशनच्या दुकानातून स्टीलचा चकचकीत तुकडा आणला, १४० रुपये. घरी येऊन चुंबक लावला तर खाली पडला. दुसरा लावला, तोही पडला. भांड्यांचं असतं तसल्या स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच प्रकारांना चुंबक धरत नाही. दुकानात जाताना खिशात एक चुंबक नेला असता तर तिथेच कळलं असतं. दुसऱ्या दिवशी साधा जीआय पत्रा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) आणला, ९० रुपये. तो घट्ट धरतो. कापलेल्या कडा तलवारीसारख्या असतात. माझं बोट कापलं, मग मामांनी कडा मागे दुमडून दिल्या. आधी दुमडून घ्या, मग चिकटवा.

कागदाच्या वरच्या दोन कोपऱ्यांना दोन गोल चुंबक, साठ रुपयांना सहा. ओळीसाठी भंगारातल्या फ्रीजच्या दाराचं रबर मिळालं. त्या रबराच्या आत लांब चुंबकपट्टी असते. ती काढली आणि पारदर्शक प्लास्टिकच्या फूटपट्टीला मागून दोन्ही टोकांना चिकटवली. फूटपट्टी चालू ओळीच्या खाली ठेवायची आणि बोटाने खाली सरकवायची. पारदर्शक आहे म्हणून पुढची ओळही दिसते. वेग पहिल्या दोन दिवसांत कमी झाला हे खरं. पण त्यानंतर ओळ सुटलेली नाही.

कूलर पूर्ण वेगात सोडला तरी कागद हलत नाही. मे महिन्यात हे हाती असतं तर!

१३ जून

मान बरी, पण संध्याकाळी डोळे दुखतात आणि कपाळ जड होतं. दोन दिवस मी उजेडाला दोष देत होते. ट्यूब माझ्या पाठीमागे होती आणि डोक्याची सावली बरोबर कागदावर पडायची, तेव्हा ती डाव्या भिंतीवर हलवली. मधे एक क्लिपचा दिवाही लावून बघितला, तर त्याचा उजेड पडद्यावर चमकायला लागला. ट्यूब हलवल्याने सावली गेली, दुखणं गेलं नाही.

शेवटी टेप घेऊन अंतर मोजलं. माझ्या डोळ्यापासून कागदाचा मध्य बावीस इंच, वरची कड सव्वीस, पडदा पंचवीस. आणि माझं जवळचं भिंग हातात पोथी धरून वाचायच्या, म्हणजे सोळा इंचांच्या अंतराचं. कागद टेबलावर होता तेव्हा मी त्याच्याकडे वाकून ते अंतर भरून काढत होते. आता सरळ बसते, तर भिंग पुरत नाही.

चष्मेवाल्यांकडे टेपवरचे आकडे लिहून नेले. त्यांनी मधल्या अंतराचा एकाच भिंगाचा वेगळा चष्मा करून दिला, ९५० रुपये. कागद आणि पडदा जवळजवळ एकाच अंतरावर आहेत म्हणून एकच भिंग दोघांना चालतं. तो घालून रस्त्यावर चालता येत नाही, दुकानातच ठेवते. चाळिशी लागलेल्यांनी स्टँड केल्यावर हा खर्च धरूनच चालावं. आधी स्टँड, मग मोजमाप, मग चष्मा. उलटं केलं तर चष्मा दोनदा करावा लागेल.

बारीक किंवा पुसट अक्षर इतक्या अंतरावरून वाचवत नाही. त्यावर अर्ध्या पानाची झेरॉक्स मोठी करून आडव्या ए-फोरवर काढते. खासरा पत्रकातले रकाने असेच काढले.

२० जून

पुतणी दुसऱ्या मशीनवर बसते. तिची टायपिंगची परीक्षा व्हायची आहे, बोटं अजून बघून चालतात. तिला हे स्टँड माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. तिची नजर कीबोर्ड, कागद, पडदा अशी तिन्हीकडे फिरते. पूर्वी ती त्रिकोणात फिरायची, आता सरळ वरखाली फिरते.

पण ती माझ्यापेक्षा बुटकी. तिच्या नजरेतून पडद्याच्या खालच्या दोन ओळी झाकल्या जात होत्या. खुर्ची वर केली तर पाय लोंबायला लागले. पायाखाली पाट दिला, मग जमलं. माझ्या मापाचं स्टँड तुम्हाला तसंच बसेल असं नाही. आपल्या खुर्चीवर आपण बसून पुठ्ठ्याचं करून बघा, आणि ज्या लांबीचा कागद तुमच्याकडे येतो त्याच लांबीचा पुठ्ठा घ्या.

८ जुलै

मामा पंधरा दिवस दुकानात नव्हते. मागच्या आठवड्यात शेगावची पालखी गावात येऊन गेली, ते तिच्या सेवेत होते. म्हणून दुसऱ्या मशीनचं स्टँड रखडलं. तोवर जे या उतारावर बसत नाही त्याची सोय लावली.

सुतळीने बांधलेली जाड फाईल चुंबकाला जुमानत नाही. दोनशे पानांचं ओझं पाव इंचाच्या पट्टीवरून उडी मारतं. टॅग सोडून वीस-वीस पानं काढून घेणं हाच मार्ग. सोडायच्या आधी पानांना पेन्सिलीने क्रमांक घालते. जुनी शिवलेली रजिस्टरं सोडता येत नाहीत. त्यांच्यासाठी घरातली आजोबांची ठवणी आणली, ज्यावर श्रावणात पोथी ठेवायचे ती. आमच्या शेजारच्या टायपिस्टभाईंकडे तशीच रेहाल आहे, ते म्हणाले, "हे तर आपल्या घरात आधीपासून होतं." रजिस्टर ठवणीवर मधोमध उघडं राहतं, पाठ मोडत नाही. फक्त ठवणी बुटकी आणि मांडी घालून बसणाऱ्यासाठी केलेली. ती उताराच्या फळीवर ठेवली तर घसरते. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला.

निजामाच्या काळातले उर्दू आणि मोडी कागद कोणी घेऊन आलं तर मूळ कागद मी स्टँडवर लावत नाही. चुंबकाने घडीवरची चीर वाढते. वाचणारे मोडीचं लिप्यंतर हाताने लिहून देतात, ते लावते. मूळ कागद मालकाच्या पिशवीतच राहू दे.

मोबाईलवर आलेल्या फोटोवरून टाईप करायचं असेल तर मोबाईल पट्टीला टेकवून उभा राहतो. पण अक्षर इतकं बारीक की मान पुढे जातेच. प्रिंट काढते. दोन रुपयांचं पान मानेपेक्षा स्वस्त.

२१ जुलै

खर्च मांडला. चिमट्याची पट्टी २६०, उभं स्टँड ४२०, पहिलं लाकडी ४८०, दुसरं ४००, स्टीलचा तुकडा १४०, जीआय पत्रा ९०, चुंबक ६०, चष्मा ९५०, बाँड १००. एकूण २९००. आज कोणी नव्याने केलं तर लाकूड, पत्रा, चुंबक मिळून ५५०, आणि लागलाच तर चष्मा. उभं प्लास्टिकचं स्टँड आता काउंटरवर आहे, आधार कार्ड आणि पावत्या बघायला तिथे ते चांगलं चालतं.

सहाशे पानं कोर्ट उघडल्यावर नऊ दिवसांनी पूर्ण झाली. वकीलसाहेबांनी समजून घेतलं.

मान डावीकडे पूर्ण वळते. दुपारी चारनंतर खांदा अजून भरतो, कारण मी उठत नाही. फिजिओथेरपीच्या बाईंनी अर्ध्या तासाने उठायला सांगितलंय. त्यासाठी रांजण टेबलाजवळून उचलून दाराशी नेऊन ठेवला.

केजच्या एका टायपिस्टताईंनी माप मागितलं. त्यांचं टेबल माझ्यापेक्षा कमी खोल आहे, त्यामुळे साडेचौदा इंचांची फळी बसणार नाही. त्यांच्याकडे लीगल कागद कमी, म्हणून बारा इंच लांब, मागून सहा, पुढून दीड, आणि मागून उघडं, असं लिहून दिलं. आधी पुठ्ठ्याचं करा म्हटलं. मामांनी पुतणीचं स्टँड बुधवारी द्यायचं कबूल केलंय. ते मागून अर्धा इंच कमी ठेवायला सांगितलंय.